पश्चिमेची भिंत

नकाशा सापडला तो कपाटाच्या तळाशी,
गॅसच्या जुन्या पुस्तकांखाली.
निळा कागद, पांढऱ्या रेषा, सन एकसष्ट,
कोपऱ्यात आर्किटेक्टची सही, जी वाचता येत नाही,
आणि जिन्याचा एक काटकोन इतका नेटका
की मी गुण्या लावून पाहिला. मग लाजले.

खरे टाऊनमधलं हे घर रेखणाऱ्याला
नागपूरचा मे पाठ होता.
दक्षिणेचा छज्जा त्याने तेवढाच काढला
जेवढ्याने ऊन उंबऱ्याबाहेर थांबावं,
आणि डिसेंबरात तेच ऊन आत यावं
मोझॅकच्या चौथ्या फरशीपर्यंत, पाचव्या नाही.
पश्चिमेला त्याने काहीच केलं नाही.
नुसती भिंत. दुहेरी, मध्ये वीतभर हवा.
असं काहीच न करायला शिकायचं
तर मला अजून वीस वर्षं लागतील.

मधल्या लोकांनी मात्र बरंच केलं.
जाळीवर प्लायवूड, प्लायवूडमध्ये एसी,
झरोक्यांत कोंबलेले पेपर,
पीओपीचं छत, त्यात सोळा दिवे,
सोळांतले अकरा गेलेले.
सहा आठवडे आम्ही फक्त काढत होतो.
फिरतू मिस्त्री म्हणाला,
"म्याडम, हे तं उलटंच काम होऊन रायलं."
राजनांदगावचा माणूस, पण रागावला की असा बोलतो.

मग पश्चिमेचा गिलावा उतरला
आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, कमरेच्या उंचीवर,
वेगळ्या विटांचं ठिगळ निघालं.
एक फूट रुंद, चौदा इंच उंच.
नकाशात नाही.
पश्चिमेला खिडकी!
मी त्या न वाचता येणाऱ्या सहीच्या वतीने
चांगलीच चिडले. कुणी फोडली ही?

"आईनं," तक्षशीलाताई खोब्रागडे म्हणाल्या.
वीज मंडळातून रिटायर, बोलणं मीटर रीडिंगसारखं.
"आईनं आन् पलीकडल्या पिंपळापुरे काकूंनी.
बाबा तार खात्याच्या दौऱ्यावर होते.
मिस्त्रीचे पैसे दोघींनी अर्धे अर्धे दिले."
भिंत तिथे कंपाउंडलाच टेकलेली, पलीकडे काकूंची मोरी.
वाटी जायची, वाटी यायची.
इकडून पाटवडीचा रस्सा,
तिकडून गोळाभात, वर फोडणीचं तेल वेगळं, कागदाने झाकून.

मी विचारलं, फाटकातून का नाही?
ताईंनी माझ्याकडे पाहिलं,
वरचा मजला विसरून जिना काढणाऱ्याकडे पाहावं तसं.
"फाटकातून त्यांच्या सासूबाईंना दिसलं असतं ना."

फिरतूने विटा एकेक करून सोडवल्या.
आत शहाबादी दगड, मधोमध किंचित खोलगट,
बोट फिरवलं तर अजून तुळतुळीत.
पलीकडे आता पाच मजली अपार्टमेंट,
पार्किंग, खांब नंबर सात,
वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची.
काकू पुण्याला मुलाकडे गेल्या, तिथेच वारल्या.
ताई म्हणाल्या, "बुजवून टाका. कोणासाठी ठेवता?"

दोन रात्री मी दोन ड्रॉइंगं केली,
एक त्याच्या बाजूचं, एक त्या दोघींच्या.
त्याचं बरोबर होतं. दुपारी चारला
त्या भोकातून भट्टीचं तोंड उघडल्यासारखी धग येते.
कागदावर तोच जिंकत होता.

अठरा मे, सेहेचाळीस पॉइंट दोन.
आम्ही मोझॅकच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरत होतो.
भोकातून एक हात आत आला,
रिकामी बाटली धरलेला. चेहरा नाही.
फिरतू उठला, माठातून बाटली भरली,
त्या हातात दिली आणि परत सांध्यांवर बसला.
काम थांबलं म्हणावं इतकंही थांबलं नाही.

जुन्या चौकटीचं उरलेलं सागवान होतं,
त्याची झडप केली. बाहेरून सिमेंटचं तिरकं झापड,
चारच्या उन्हाला अडेल आणि मनगटाला अडणार नाही, असं.
तीन वेळा चुकलं.

संध्याकाळी निळ्या कागदावर पेन्सिलने लिहिलं,
सहीपासून जरा अंतर राखून:
खिडकी. एक फूट बाय चौदा इंच.
मूळ नकाशात नाही.
ठेवणे.